झाड कोणत्या पिशवीत?

मायक्रोबायॉलॉजीत काम करणाऱ्या माणसाचं मातीशी वाकडं असायला हवं. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू, शिवाय बुरशीचे बीजाणू, आणि ते सगळे आमच्या प्लेटवर उतरायला टपलेले. पेशंटच्या थुंकीत, लघवीत, रक्तात काय आहे ते शोधायचं, तर त्यात बाहेरचं काही मिसळता कामा नये, ही आमच्या कामाची पहिली अट. असं असूनही पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले, तिथे जिकडे बघावं तिकडे झाडं होती.

बायोकेमिस्ट्रीच्या ॲनालायझरवर मीडियाच्या रिकाम्या बाटलीत मनीप्लांट होता आणि त्याचा वेल प्रिंटरच्या वायरीवरून सरळ भिंतीवर चढला होता. हिमॅटॉलॉजीत सेंट्रिफ्यूजला लागून स्नेक प्लांट. हिस्टोपॅथॉलॉजीत स्पायडर प्लांट. आमच्याकडे फ्रिजवर सिंगोनियम आणि प्लेटिंग करायच्या बेंचपासून हातभर अंतरावर पीस लिली. यातली बहुतेक झाडं आमच्या सीनियर बाईंनी घरच्या गॅलरीतून आणलेली. बाई म्हणजे त्या लॅबच्या चालत्याबोलत्या रजिस्टर होत्या. कुठला रिएजंट कधी संपेल आणि कोण कधी चिडेल, दोन्ही त्यांना आधी कळायचं. पाणी घालायचं काम लॅबचे अटेंडंट असलेल्या मामांकडे. पण चहाचा चोथा जो तो आपापल्या आवडत्या कुंडीत टाकायचा, आणि उरलेलं डिस्टिल्ड वॉटर वाया कशाला घालवायचं म्हणून तेही तिथेच जायचं.

लॅब तळघरात होती. हॉस्पिटलांत बहुधा असंच असतं. उजेडाच्या, रस्त्याकडच्या जागा ओपीडीला आणि खोल्यांना जातात. लॅब, लाँड्री आणि स्टोअर खाली. ट्यूबलाइट चोवीस तास चालू, एसी चोवीस तास चालू, मशीनचा घुंघुं आवाज चोवीस तास चालू. बाहेर पाऊस पडतोय की ऊन आहे हे सॅम्पल घेऊन येणाऱ्या मावशींच्या साडीकडे बघून कळायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आम्हाला पेशंट दिसत नाही. दिवसभर माणसांचं रक्त हाताळायचं आणि समोर मात्र बारकोड. रिपोर्ट वर गेला की पुढे त्या माणसाचं काय झालं, ते कुणी सांगायला येत नाही. पीस लिली मात्र पाणी चुकलं की मान टाकायची आणि पाणी मिळालं की काही तासांत ताठ उभी राहायची. तब्येत कशी आहे हे नुसतं बघून कळावं, अशी त्या लॅबमध्ये ती एकटीच होती. म्हणून ती सगळ्यांची लाडकी.

हिस्टोपॅथॉलॉजीवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. तिथे फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात, झायलीननं डोकं जड होतं. त्यांच्यातला एकजण प्रत्येक नव्या माणसाला स्पायडर प्लांट दाखवून सांगायचा, ‘हे फॉर्मालिन खातं. नासानं सांगितलंय.’ हे अगदीच हवेतलं नव्हतं. १९८९ मध्ये नासाच्या वॉल्व्हर्टन यांच्या गटानं बंद पेटीत झाडं ठेवून बेंझीन, ट्रायक्लोरोएथिलीन आणि फॉर्मल्डिहाइड किती कमी होतं ते मोजलं होतं, आणि ते कमी झालंही होतं. पण पेटी बंद होती. जिथे हवा सतत आत-बाहेर होते अशा खोलीचा हिशेब २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी जुने प्रयोग एकत्र करून मांडला. नेहमीच्या वायुवीजनानं जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढी झाडांनी करायची, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीत फक्त झाडं मावली असती, आम्ही बाहेर. फॉर्मालिनच्या वासाला इलाज एक्झॉस्टचा. झाडाच्या भरवशावर एक्झॉस्टची तक्रार लांबणीवर पडत होती, हे त्या स्पायडर प्लांटचं खरं नुकसान.

मला झाडांकडे नीट बघावं लागलं ते एका पावसाळ्यात. रक्ताच्या कॅन्सरवर केमो चालू असलेल्या एका पेशंटचं बाल आलं होतं. बाल म्हणजे दुर्बिणीतून फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलेलं पाणी. ते बुरशी वाढवायच्या सॅबुरोच्या मीडियावर लावलं. प्लेटवर सॅम्पल लावताना लूपनं एकाशेजारी एक रेषा ओढतात; जे काही उगवायचं ते त्या रेषांवर उगवावं अशी अपेक्षा असते. काही दिवसांनी प्लेटवर एक कॉलनी दिसली. मखमली, मधे धुरकट निळसर-हिरवी, कडेला पांढरी किनार. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये प्लेट उघडून सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवला, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या थेंबावर चिकटवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. फुगीर डोक्याचा देठ, डोक्याच्या फक्त वरच्या भागावर एकेरी दांड्या, त्यांवर बीजाणूंच्या माळा, सगळ्या वरच्या दिशेनं सरळ उभ्या. ॲस्परजिलस फ्युमिगेटस. ओळखायला कठीण नाही, पाठ्यपुस्तकात असतं तसंच होतं.

कठीण दुसरं होतं. कॉलनी रेषेवर नव्हती. दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत उगवली होती. जे रेषेवर नाही ते हवेतून पडलेलं असण्याची शक्यता जास्त. पण केमोच्या पेशंटच्या बाबतीत ‘शक्यता जास्त’ म्हणून हात झटकता येत नाहीत. पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाच्या फुप्फुसात हीच बुरशी पसरली तर जीव घेते. आणि नसताना आहे म्हणून कळवलं, तर व्होरिकोनॅझोल सुरू होतं. ते महाग आहेच, शिवाय केमोत व्हिनक्रिस्टिन असेल तर दोन औषधं एकत्र आल्यावर नसांवरचा वाईट परिणाम वाढतो. म्हणजे एका कॉलनीच्या जागेवरून एका माणसाचे पुढचे काही आठवडे ठरणार होते. मी डॉक्टरांना फोन केला, जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं, दुसरं सॅम्पल मागवलं. त्यात काही उगवलं नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक प्लेट हाती आली. ब्लड ॲगरची, दुसऱ्याच कुणाच्या सॅम्पलची. तिच्यावर कॉलन्यांची एक नागमोडी ठिपक्यांची ओळ होती. रेषांना आडवी, एका कडेपासून मधोमध येऊन परत दुसऱ्या कडेला गेलेली. कुणीतरी त्या प्लेटवर फेरफटका मारला होता. बाईंनी प्लेट उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, ‘चिलट.’ ओल्या मातीत अंडी घालणारी ती बारीक काळी चिलटं, चहाच्या चोथ्यावर तर त्यांची चंगळच. झाकण अर्धवट सरकलेल्या प्लेटमध्ये शिरून एखादं चालत गेलं होतं, आणि प्रत्येक पावलागणिक मातीतलं काहीतरी पेरून गेलं होतं. ओळीच्या टोकाला एक कॉलनी खडूसारखी पांढरी, कोरडी, ॲगरला घट्ट चिकटलेली. स्ट्रेप्टोमायसिस. प्लेटचा वास घ्यायला आम्हाला सक्त मनाई असते. पण झाकण उचलल्याबरोबर पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतोच, तो चुकवता येत नाही. ओल्या मातीला येणारा तो वास बराचसा याच जिवाणूंमुळे. याच घराण्यानं १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांच्या हाती स्ट्रेप्टोमायसिन दिलं, क्षयरोगावरचं पहिलं गुणकारी प्रतिजैविक. बाहेरच्या मातीत असता तर मी त्याला नमस्कार केला असता. इथे प्लेट फेकून द्यावी लागली आणि पेशंटचं सॅम्पल पुन्हा लावावं लागलं.

मग आम्ही रीतसर तपास केला. सॅबुरोच्या प्लेट उघड्या करून ठरावीक वेळ ठिकठिकाणी ठेवल्या: लिलीजवळ, फ्रिजवर, लांबच्या बेंचवर, कॅबिनेटच्या आत, एसीच्या जाळीखाली. एकदा नुसत्या, आणि एकदा मामांनी पाणी घालून पानं झटकल्यानंतर. कॅबिनेटमधल्या प्लेट स्वच्छ आल्या, तशा त्या यायलाच हव्यात. लिलीजवळच्या, विशेषतः पाणी घातल्यानंतरच्या प्लेटवर मोजदाद सोडून द्यावी इतकी बुरशी. काळी, हिरवी, आणि झाकणाला जाऊन भिडणारी रायझोपसची राखाडी जाळी. पण एसीच्या जाळीखालची प्लेटही काही सोवळी नव्हती. तेव्हा त्या पेशंटच्या प्लेटवरची कॉलनी कुंडीतूनच आली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एसीचे फिल्टर बदलायला लावले. आणि कुंड्यांबद्दल नियम काय म्हणतो ते काढून बघितलं.

नियम आधीपासून होताच. हॉस्पिटलच्या बहुतेक लॅब ज्याला बायोसेफ्टीची दुसरी पातळी म्हणतात, त्यात मोडतात. अमेरिकेच्या सीडीसी आणि एनआयएच यांचं जैवसुरक्षेचं पुस्तक जगभर प्रमाण मानतात. त्यात या पातळीसाठी स्पष्ट लिहिलेलं आहे की, कामाशी संबंध नसलेले प्राणी आणि झाडं लॅबमध्ये असू नयेत. आम्ही प्राण्यांपाशी थांबून हसायचो; लॅबमध्ये कुत्रा कोण आणतंय! झाडांच्या शब्दावरून नजर सरकून जायची.

नियमामागचं कारण मात्र मला पुस्तकातून कळलं नाही, मामांकडून कळलं. माझं सगळं लक्ष माती लॅबमध्ये काय आणते याकडे होतं. मामांनी एक दिवस विचारलं, ‘मॅडम, हिमॅटॉलॉजीतल्या त्या झाडाचा फुटवा घरी नेऊ का? नात मागतीय.’ मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांनीच पुढे विचारलं, ‘सेंट्रिफ्यूजमध्ये ट्यूब फुटते तेव्हा त्याच्यावर पण उडत असेल ना?’

उडतं. ट्यूब फुटली की डोळ्यांना न दिसणारे थेंब आसपास बसतात. बेंच आम्ही १ टक्का हायपोनं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटनं पुसतो, मशीनचं झाकण पुसतो, फरशी पुसतो. पान कशानं पुसणार? हायपो लावलं की पान करपतं. माती तर पुसताच येत नाही. लॅबमधल्या प्रत्येक वस्तूला एकच परीक्षा असते: सांडलं तर ती निर्जंतुक करता येईल का? म्हणून आमच्या खुर्च्यांना कापड नसतं, खिडक्यांना पडदे नसतात. झाड या परीक्षेत जिवंत राहून पास होऊच शकत नाही. आणि आम्ही तर त्याच झाडांची कटिंग्ज वर्षानुवर्षं एकमेकांना वाढदिवसाला देत होतो. मामांच्या नातीला मी नर्सरीतून रोप आणून दिलं.

त्यानंतर इन्स्पेक्शन आलं आणि असेसरनं अपेक्षेप्रमाणे झाडांवर बोट ठेवलं. कुंड्या हलवायच्या असं ठरलं, तसा वाद सुरू झाला: टाकायच्या कुठल्या पिशवीत? २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांनुसार आमच्याकडे रंग वाटून दिलेले. मायक्रोबायॉलॉजीचा कचरा आधी ऑटोक्लेव्ह करून पिवळ्यात. दूषित प्लास्टिक लाल. काच निळ्यात. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. आता स्नेक प्लांटची कुंडी प्लास्टिकची, म्हणजे लाल? मनीप्लांटची बाटली काचेची, म्हणजे निळी? पानं आणि माती? एकजण म्हणाला, झाड हिरवं आहे, हिरवी पिशवी मागवा. क्वालिटी मॅनेजर हसल्या नाहीत. शेवटी मायक्रोबायॉलॉजी आणि हिमॅटॉलॉजीतली झाडं मातीसकट ऑटोक्लेव्हच्या पिशव्यांत भरली आणि १२१ अंशांवर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवली, कारण मातीच्या गोळ्यात वाफ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत तळघरात पालेभाजी करपल्याचा वास होता. लिलीची पिशवी भरताना बाई तिथे थांबल्या नाहीत. आपण रक्तपेढीत जाऊन येते म्हणाल्या.

कागदावर खरी गंमत यानंतर झाली. इन्स्पेक्शनमध्ये निघालेल्या प्रत्येक त्रुटीला उत्तर द्यायचं असतं: कारण काय, दुरुस्ती काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, आणि पुरावा. क्वालिटी मॅनेजरनी दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं: ‘झाडे लॅबबाहेरील ठरवून दिलेल्या जागेत ठेवली जातील.’ वाक्य गोड होतं. पण पुरावा म्हणून फोटो जोडायचा, तर अशी जागा असायला हवी ना! ती नव्हतीच. लॅबच्या माणसांसाठी लॅबबाहेर ठरवून दिलेली कुठलीच जागा नव्हती. आम्ही डबा खायचो तो रिपोर्टिंगच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला, एका अंगाला सॅम्पलचा फ्रिज ठेवून. टी-रूम मिळावी म्हणून अर्ज करून झाले होते. ‘जागेची अडचण’ हे उत्तर ठरलेलं. माणसांसाठी जी जागा निघत नव्हती, ती आता झाडांचा फोटो काढायचा म्हणून शोधावी लागली. तळघराच्या रॅम्पच्या तोंडाशी जुन्या रजिस्टरांची एक खोली होती. तिला पश्चिमेची खिडकी होती. रद्दी निघाली, खिडकी पुसली, बाईंनी घरच्या मूळ वेलाची नवी कटिंग्ज आणली, फोटो निघाला, त्रुटी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे गेले, तर खिडकीत मनीप्लांट आणि त्याच्या शेजारी तीन डबे उघडलेले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ॲप्रन दाराबाहेर अडकवलेले, हात धुतलेले, आणि सगळे खिडकीतून रॅम्पकडे बघत बसलेले. बाहेर काही बघण्यासारखं होतं असं नाही. एक बदामाचं झाड, ॲम्ब्युलन्स आणि चहाची टपरी. रॉजर उलरिक यांचा १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास वैद्यकीय वर्तुळात सगळ्यांना माहीत असतो: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी सोडलं गेलं आणि तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास पेशंटच्या खोल्या बांधताना सांगतात. तळघरात बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्या टेक्निशियनसाठी तो कुणी काढत नाही. शिवाय त्या पेशंटना झाड लांबूनच दिसलं होतं. उशाशी कुंडी कुणाच्याच नव्हती.

त्या खोलीतही आमची लॅबवाल्यांची खोड गेली नाही. मातीऐवजी सगळी झाडं पाण्यात ठेवू, म्हणजे चिलटं नाहीत, असं एक मत निघालं. पाणी म्हणजे स्वच्छ, ही समजूत. १९७३ मध्ये टॅपलिन आणि मर्ट्झ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हॉस्पिटलमधल्या फुलदाण्यांच्या पाण्यात रोगजंतूंचे साठे असतात हे दाखवून दिलं होतं, आणि तेव्हापासून अनेक ठिकाणी आयसीयूत फुलं नेऊ देत नाहीत. मी मनीप्लांटच्या बाटलीतलं जुनं पाणी प्लेटवर लावून आणलं. पूर्ण प्लेट हिरवट झाली, धातूसारखी झाक असलेली, आणि पिकलेल्या द्राक्षांचा वास. स्यूडोमोनास एरुजिनोसा. धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास नाही. भाजलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तो पुरून उरतो. तेव्हा ठरलं: माती किंवा पाणी काही चालेल, पण पाणी दर आठवड्याला बदलायचं, झाडाला हात लावला की साबणानं धुवायचा, चोथा कुंडीत टाकायचा नाही, आणि लॅबची बाटली, बीकर, टेस्टट्यूब यांतलं काहीही झाडासाठी वापरायचं नाही. दाराच्या आत झाड नाही आणि दाराबाहेर लॅबचं सामान नाही.

हौस वाढली तशी एक कुंडी वर सॅम्पल कलेक्शनच्या वेटिंगमध्ये ठेवावी अशी टूम निघाली. पेशंटना बरं वाटेल. इथे मी अडून बसले. सीडीसीची २००३ ची मार्गदर्शक सूचना अशी की, ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक आहे त्यांच्या भागात फुलं-झाडं बंद करायची गरज नाही. पण ती दुबळी झालेल्यांच्या भागात नकोत. आणि झाडांची निगा पेशंटची सेवा करणाऱ्यांनी शक्यतो करू नये. करावीच लागली तर हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत. आमच्या वेटिंगमधल्या बाकावर शुगर तपासायला आलेले आजोबा आणि केमोआधी पेशी मोजायला आलेली मुलगी शेजारी शेजारी बसतात. कोण कुठल्या गटातलं हे कुंडीला कळत नाही. तिथे भिंतीवर जंगलाचा मोठा फोटो लावला. तो हायपोनं पुसता येतो.

पाण्याचंही रजिस्टर झालं. आधी सगळेच पाणी घालायचे, म्हणून मुळं कुजायची. मग कुणीच घालेना. आमच्याकडे फ्रिजचं तापमान दोन वेळा लिहून खाली सही करतात, ते २ ते ८ अंशांतच असायला हवं. तसाच एक तक्ता खिडकीला टांगला: तारीख, पाणी, सही. जे लिहिलं नाही ते केलं नाही, हे लॅबचं तत्त्व झाडांनाही लागू. एका नव्या मुलानं शेऱ्याच्या रकान्यात ‘नवीन पान, पुन्हा तपासून खात्री केली’ असं लिहिलं होतं. क्वालिटी मॅनेजर तेव्हा मात्र हसल्या.

बाई निवृत्त होण्याआधी मला रक्तपेढीत घेऊन गेल्या. ‘झाडं काढलीत म्हणता, ही बघा,’ म्हणून त्यांनी फ्रिज उघडला. अँटी-ए-वन लेक्टिनची छोटी बाटली. ए रक्तगटात ए-वन आणि ए-टू असे पोटगट असतात, ते वेगळे ओळखायला हे वापरतात, आणि ते निघतं कुळथाच्या बियांतून. आपण पिठलं करतो तोच कुळीथ. भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा गुण प्रसिद्ध केला. अर्क योग्य प्रमाणात पातळ केला की तो ए-वनच्या पेशींच्या गुठळ्या करतो, ए-टूला शिवत नाही. त्याच शेल्फवर पपईच्या चिकातलं पपेन, अँटिबॉडी ओळखताना पेशींवर वापरायचं. बायोकेमिस्ट्रीत रक्तातला युरिया मोजणारं युरिएज येतं ते आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातल्या जॅक बीनमधून; १९२६ मध्ये सम्नर यांनी त्याचेच स्फटिक करून एन्झाइम हे प्रथिन असतं हे दाखवलं आणि पुढे १९४६ चं नोबेल मिळवलं. हिस्टोपॅथॉलॉजीचा जांभळा हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड झाडाच्या गाभ्याचा रंग. आणि ज्या ॲगरवर मी आयुष्य काढलं, ते समुद्रशेवाळ. ॲगर वापरायची कल्पना फॅनी हेस यांची, त्यांचे पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना फॅनी यांनी स्वयंपाकघरातला अनुभव तिथे पोचवला. त्याआधी प्लेट जिलेटिनच्या असायच्या, आणि ते ३७ अंशांवर वितळायचं.

बाईंचा मुद्दा सरळ होता: झाडं लॅबमध्ये कायम होती आणि राहतील, पण प्रत्येकावर लॉट नंबर आहे, एक्स्पायरी आहे आणि ते कशासाठी आहे हे लिहिलेलं आहे. ज्याच्यावर असं लेबल लावता येत नाही, त्यानं दाराबाहेर राहावं. पुस्तकातले ‘कामाशी संबंध नसलेले’ हे शब्द मला त्या फ्रिजसमोर नीट समजले. लिलीचा कामाशी संबंध नव्हता. तिचा संबंध काम करणाऱ्यांशी होता, आणि काम करणाऱ्यांसाठी त्या तळघरात वेगळं असं काहीच ठेवलेलं नव्हतं. मशीनवरचा वेल आणि सेंट्रिफ्यूजजवळची कुंडी आम्ही हौस समजत होतो. आमच्याच भाषेत सांगायचं तर ती लक्षणं होती. नुसतं लक्षण दाबलं असतं, कुंड्या काढून फोटो लावला असता, तर महिन्याभरात कुणीतरी फ्रिजवर पुन्हा मनीप्लांट आणून ठेवला असता. खिडकीची खोली मिळाल्यापासून लॅबमध्ये एकही झाड परत आलेलं नाही, आणि त्यासाठी कुणाला मेमो द्यावा लागला नाही.

आता इतर लॅबमधली ओळखीची मंडळी अधूनमधून फोन करतात. इन्स्पेक्शन जवळ आलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘छोटं कॅक्टस चालेल का हो? पाण्यातलं बांबू? प्लास्टिकचं तरी?’ कॅक्टस नाही, बांबू नाही; प्लास्टिकचं रोज पुसणार असाल तर विचार करा, पण पुसणार नाही हे मला माहीत आहे, असं मी सांगते. मग मी एक प्रश्न विचारते: तुमच्याकडे डबा कुठे खातात? बहुतेक जण त्यावर जरा थांबतात आणि आवाज खाली करतात. मग मी त्यांना सांगते की दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहायचं.